वही कुणाच्या नावावर? घरून चालणाऱ्या उद्योगाची पार्श्वभूमी

माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात दारामागे कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि त्याच खिळ्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. तारखेच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यात दुधाचे खाडे, खालच्या कोपऱ्यात चकलीच्या ऑर्डरी. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर चौकटीत तारीख शोधावी लागे. अर्धा किलो, पाव किलो, एक किलो, पुढे गिऱ्हाइकाचं आडनाव, आणि माल पोचला की आडवी रेघ. तिची एकही ऑर्डर चुकलेली मला आठवत नाही.

पैसे मात्र तूरडाळीच्या डब्यात जायचे. त्याच डब्यातून वाण्याची उधारी भागायची, मुलांची फी निघायची, गॅस सिलिंडर यायचा आणि पुढच्या घाण्याचं तेलही. वीस वर्षं तिने चकल्या विकल्या, पण चकलीने आपल्याला किती मिळवून दिलं, हे तिला कधीच सांगता आलं नाही. घरातल्या कुणीही तिला ते विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

घरून धंदा कसा करावा यावर हल्ली सल्ले भरपूर मिळतात. डिजिटल काटा घ्या, क्यूआर लावा, व्हॉट्सॲपवर कॅटलॉग टाका, रोजचा हिशेब ठेवा. यातलं बरंच खरोखर उपयोगाचं आहे. पण या साधनांच्या आणि सवयींच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. घरच्या उद्योगाला खरा आधार त्याच साधनाने दिला, ज्याने कमावणाऱ्या बाईचा पैसा घरखर्चापासून वेगळा मोजला आणि तो तिच्या नावावर लिहिला.

हिशेबाची सवय आपल्याकडे नवी नाही. पेढीवरची लांबट वही, लाल कापडाची बांधणी, पानाला घड्या घालून पाडलेले रकाने, डावीकडे जमा, म्हणजे आलेले पैसे, आणि उजवीकडे नावे, म्हणजे गेलेले. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार उतरायचे, तिथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जायचे. दिवस संपताना शिल्लक काढायची आणि तीच दुसऱ्या दिवशी ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून वर लिहायची. लक्ष्मीपूजनाला या वहीची पूजा होते, ती उगाच नाही.

पण ही वही पेढीची होती, चुलीपर्यंत ती पोचली नाही. येवल्याचं उदाहरण घ्या. पैठणीचा खड्डामाग घरातच असे. रेशीम उकलायचं, विणण्यासाठी ते गुंडाळून कांड्या भरायच्या ही कामं घरातल्या बायका-मुलींची. त्यांच्या हाताशिवाय माग एक दिवस चालला नसता. तरी मागावरून साडी उतरल्यावर व्यापाऱ्याच्या वहीत नाव लागे ते विणकराचं. कांड्या भरणारीच्या नावाचं खातं कुठेच नव्हतं. घरात काम, घरात मुक्काम, म्हणून त्या कामाला मजुरी नाही, हा समज इतका मुरला की आजही फराळाची किंमत ठरवताना बेसन, तेल आणि गॅस मोजला जातो, लाटणाऱ्या हातांचे सहा तास मोजले जात नाहीत.

घरात बसलेल्या माणसाला दूरच्या गिऱ्हाइकाशी जोडलं ते पहिल्यांदा टपालाने. 1877 साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्हीपी सुरू झाली आणि 1880 साली मनिऑर्डर. व्हीपीने विकणाऱ्याची एक मोठी अडचण सोडवली. माल आधी पाठवायचा की पैसे आधी घ्यायचे? पोस्टमनने पार्सल द्यायचं, पैसे घ्यायचे आणि ते विकणाऱ्याकडे पोचते करायचे. आज ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात तो हाच व्यवहार. मनिऑर्डरीचं महत्त्व मला आणखी एका कारणासाठी वाटतं. फॉर्मवर जिचं नाव, तिच्याच हातात पोस्टमन नोटा मोजून देई आणि तिची सही किंवा अंगठा घेई. दारातल्या त्या दोन मिनिटांपुरता तरी पैसा तिच्या नावाचा असे.

शिलाई मशीन ही पुढची पायरी. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली सेवासदन उभं राहिलं. परिचारिकेचं शिक्षण आणि शिवणकाम तिथे शिकवलं जाऊ लागलं, कारण समोर बसलेल्या अनेकींना, विशेषतः विधवांना, स्वतःच्या पायावर उभं राहण्याची तातडीची गरज होती. मशीन हप्त्याने मिळे, एका कोपऱ्यात मावे, स्वयंपाक उरकल्यावर चालवता येई. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं. ब्लाउज शिवून देणाऱ्या बाईची सवय आठवून पाहा. मापाची वही वेगळी, कापडाच्या घडीला टाचलेली चिठ्ठी, आणि “बुधवारी या” म्हटलं की बुधवारीच. घरगुती उद्योगातली शिस्त पुष्कळ बायकांनी या मशीनवरच शिकून घेतली.

मुंबईच्या गिरणगावात घरातूनच चालणारा आणखी एक मोठा धंदा होता, खाणावळीचा. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार एका खोलीत दाटीवाटीने राहात, बायका-मुलं गावी. त्यांचं जेवण चाळीतली एखादी बाई रांधून देई. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चूल पेटे, पहिल्या पाळीचे डबे, मग दुसऱ्या पाळीची पंगत. हिशेब महिन्याचा. जो जेवायला आला नाही त्याचा खाडा मांडायचा, पगाराच्या दिवशी खाडे वजा करून पैसे घ्यायचे. म्हणजे महिनाभराचं धान्य, तेल, रॉकेल तिला आधी उधारीवर उचलावं लागे. वाणी भाव चढा लावी, सावकार व्याज, आणि वेळ पडली तर गळ्यातलं गहाण जाई. चाळीस-चाळीस माणसांना जेवू घालणाऱ्या या बाईला उद्योजक म्हणावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

प्रेमा पुरव यांच्या मनात ते आलं. त्या मूळच्या गोव्याच्या. मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत वाढलेल्या. 1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि 1972 पासून गरिबांसाठी 4 टक्के व्याजाची कर्जयोजना आली होती. पण तारण नसलेल्या खाणावळवालीला बँकेच्या दारात कोण उभं करणार? 1975 साली पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. बायकांचे गट केले, एकीने दुसरीला जामीन राहायचं ठरवलं आणि बँकेचं कर्ज बाईच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिलं. वाण्याच्या वहीत नवऱ्याचं नाव होतं, बँकेच्या पासबुकात तिचं आलं. माझ्या मते घरगुती उद्योगाच्या आपल्याकडच्या इतिहासात याच्याइतकं मोठं वळण दुसरं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारांचा पगार थांबला तशी खाणावळीची वसुलीही थांबली. माणसं गावी परतली, उधारी बुडाली. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर अवलंबून असलेला धंदा कसा बसतो, हे या बायकांनी सोसलं. अन्नपूर्णाने पुढे मोठ्या ऑर्डरी आणि कॅटरिंगकडे मोर्चा वळवला तो या धक्क्यानंतर.

दुसरी गोष्ट गिरगावातल्या लिज्जत पापडाची. ती बहुतेकांना ठाऊक आहे, पण तिच्यातला हिशेबाचा भाग सांगायचा राहून जातो. 15 मार्च 1959 ला लोहाणा निवासच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा मैत्रिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटं. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये. छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी या बायकांना दोन गोष्टी बजावल्या. माल एकाच प्रतीचा ठेवा, स्वस्तातला हलका पापड काढू नका. आणि हिशेब चोख लिहा. देणगी घ्यायची नाही, हे बायकांनी स्वतःच ठरवलं होतं.

लिज्जतची कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. सकाळी शाखेत पीठ मळून तयार. पापड लाटणारी सभासद, जिला तिथे बहीण म्हणतात, ती येते, कालचे वाळलेले पापड देते, वजन होतं, आजच्या पिठाचा गोळा वजन करून घेते आणि लाटण्याची मजुरी, म्हणजे वणाई, तिच्या नावावर लागते. घरी गेल्यावर मुलांची शाळा, जेवणखाण सांभाळून ती पापड लाटते. पापड वाळवायला स्वच्छ जागा आहे की नाही हे पाहायला कुणी अचानक घरी येऊ शकतं. काम घरात होतं, पण वजन, प्रत आणि हिशेब घराबाहेर होतो. सासूबाईंनी डब्यातून पैसे काढले किंवा पाहुण्यांना दोन डझन पापड वाढले, तर दुसऱ्या दिवशी काट्यावर ते दिसतं. घराचा आणि धंद्याचा उंबरठा वेगळा ठेवण्याची याहून साधी युक्ती मला माहीत नाही.

काट्याचंही आपल्याकडे वय फार नाही. 1958 च्या ऑक्टोबरपासून दशमान वजनं लागू होऊ लागली. त्याआधी शेर, मापटं, चिपटं आणि चार शेरांची पायली. भाजणीचं प्रमाण आजही अनेक घरांत वाटीनेच सांगतात. घरी खायला ते पुरतं. पण विकायची वेळ आली की वाटीवाटीत फरक पडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, मागच्या वेळची चकली जास्त खुसखुशीत होती.

उंबरठ्याच्या आत आलेल्या सगळ्याच कामाने बाईचं भलं झालं, असं मात्र नाही. सोलापूर आणि सिन्नरच्या बिडी कामगारांकडे पाहा. तेंदूपान आणि तंबाखू घरी आणायचा, पानं भिजवायची, मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं आणि हजाराच्या भावाने बिड्या वळून द्यायच्या. तपासणीत नापास झालेल्या बिड्यांची मजुरी नाही. 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानलं, आणि त्यामुळे तिच्या कामाची नोंद हा हक्काचा प्रश्न झाला. नाव कागदावर असेल तर भविष्य निर्वाह निधी, नसेल तर काही नाही. सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगार महिलांसाठी 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, तीही कामगार संघटनेने नावं लावून धरली म्हणून.

गावोगावच्या बायकांपर्यंत हिशेबाची वही पोचवली ती बचत गटाने. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, 1975 पासून आहे. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेने 1992 मध्ये गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. गटाची पंचसूत्री गावातल्या बायका तोंडपाठ म्हणतात: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, वेळच्या वेळी हिशेब. धंद्याच्या सवयींवरची किती व्याख्यानं या पाच गोष्टींत मावतात!

साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. सभासदांच्या अर्जावर अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. रक्कम सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, असं त्यांनी तिथे म्हटल्याचं सिन्हा सांगतात. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशेब त्यांना येतच होता, नव्हती ती फक्त सही.

अलीकडची साधनं आपल्या डोळ्यांसमोरच आली. 11 एप्रिल 2016 ला मुंबईत यूपीआयची घोषणा झाली, त्याच वर्षीच्या नोटाबंदीने ते भाजीवालीपर्यंत पोचलं. 2018 च्या सुरुवातीला व्हॉट्सॲप बिझनेस आलं. खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या घरगुती उद्योगासाठी अन्न सुरक्षा नोंदणीचे नियम 2011 पासून आहेत. 1 जुलै 2020 पासून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर, विनामूल्य होते. टाळेबंदीत नोकऱ्या गेल्या तेव्हा घराघरांतून मसाले, केक, डबे सुरू झाले ते या सगळ्याच्या आधारावर.

पण मी प्रदर्शनांत स्टॉलवर पैसे देताना एक गोष्ट मुद्दाम बघते. क्यूआर स्कॅन केल्यावर फोनवर नाव कुणाचं येतं? पुष्कळदा नवऱ्याचं येतं, कधी मुलाचं. पैसे आल्याचा मेसेजही त्यांच्याच फोनवर जातो, आणि लोणचं विकणारी बाई “आले का हो?” म्हणून घरी फोन लावते. उद्यमचं प्रमाणपत्र, बँकेचं खातं आणि क्यूआर तिन्ही एकाच नावाचे असणं ही आजची पहिली गरज आहे, कारण पुढे कर्ज मागताना बँक खात्यावरचीच उलाढाल पाहते.

मावशीचा फराळ आता माझी मावसबहीण करते. कालनिर्णय अजून त्याच खिळ्याला आहे, कारण तळणीचे हात मोबाईलला लावता येत नाहीत. शेजारी एक लांब वही आली आहे. तिच्या नावाचं वेगळं खातं आहे आणि फराळाचे पैसे तिथेच जमा होतात. मागच्या दिवाळीला मी ती वही उघडून पाहिली. बेसन, तेल, गॅस, पिशव्या, आणि त्याखाली एक ओळ: मजुरी, स्वतःची, किलोला 90 रुपये.