मेंदूच्या गुठळीवर उपचार झाले, पोटरीतल्या गुठळीचं काय?

लकवा मारलेला पेशंट वॉर्डात आला की पहिला आठवडाभर घरच्यांची नजर त्याच्या हातावर आणि तोंडावर असते. बोट हललं का, तोंड सरळ झालं का, शब्द नीट उमटतो का. चादरीखालचा लुळा पाय मात्र क्वचितच कुणी उघडून बघतं. दुसरी गुठळी होते ती तिथेच, आणि बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातच.

‘ॲस्पिरिन चालू आहे, रक्त पातळ आहे, मग गुठळी कशी होईल?’ हा प्रश्न नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीपासून रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. प्रश्न साधा आहे, पण त्यामागचा हिशोब चुकतो. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत रक्त वेगात वाहतं. तिथली गुठळी मुख्यतः प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटून बनते आणि ॲस्पिरिन नेमकं ते चिकटणं कमी करतं. पायाच्या शिरेत रक्त सावकाश वर चढतं. तिथल्या गुठळीचा मुख्य माल म्हणजे फायब्रिन या प्रथिनाचे धागे आणि त्यात अडकलेल्या लाल पेशी. हे धागे तयार होणं थांबवायचं तर हेपरिनसारखी वेगळी औषधं लागतात. ॲस्पिरिनचा तिथे थोडाफार उपयोग होतो, पण अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचा पाय त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

चालताना पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. लकव्यात पोटरी ढिली पडते, रक्त झडपांच्या खोबणीत साचून राहतं आणि गुठळीची सुरुवात तिथून होते. ती वाढत गुडघ्याच्या वर, मांडीच्या शिरेत गेली की धोका खरा. तिचा तुकडा सुटला तर पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात जाऊन अडकतो. मेंदूत तो सहसा जात नाही. अपवाद हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्मतःचं छिद्र बुजलेलं नसतं त्यांचा, आणि असं छिद्र साधारण चारांपैकी एका माणसात असतं.

मेंदूतली गुठळी विरघळवण्याची वेळ लक्षणं सुरू झाल्यापासून 4.5 तासांची, तीही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. त्यासाठीच्या अल्टेप्लेझ या इंजेक्शनचा डोस दर किलोला 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90. साठ किलोच्या माणसाला 54 मिलिग्रॅम, त्यातलं 5.4 एका मिनिटात आणि उरलेलं 48.6 तासाभरात. त्याच जातीचं टेनेक्टेप्लेझ एकाच झटक्यात देता येतं. गडचिरोलीहून नागपूर सुमारे 170 किलोमीटर आहे. त्यामुळे 108 ला फोन करण्याआधी ‘थोडं बघू’ म्हणत घालवलेला अर्धा तास फार महाग पडतो. मोठी धमनी बंद असेल तर मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढतात. ती मुदत 6 तासांची असते, निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शननंतर पहिले 24 तास ॲस्पिरिन किंवा हेपरिन देत नाहीत. पुन्हा सीटी काढून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघितल्यावरच ते सुरू होतं. ज्याला गुठळीमुळे नव्हे तर रक्तस्रावामुळे लकवा झाला, त्याला हेपरिनसाठी आणखी थांबावं लागतं. रक्तस्राव वाढत नाही हे स्कॅनवर दिसल्यावर, साधारण एक-दोन दिवसांनी, छोट्या डोसचा विचार होतो. या मधल्या काळात पायाला औषधाचं संरक्षण नसतं. तेव्हा कामाला येतो तो हवेचा पंप.

मांडीपर्यंत येणाऱ्या कापडी स्लीव्ह दोन्ही पायांना गुंडाळतात. पंप त्यात घोट्याकडून मांडीकडे टप्प्याटप्प्याने हवा भरतो आणि सोडतो. पोटरीचं बंद पडलेलं काम बाहेरून करायचं, एवढंच तत्त्व. ब्रिटनमधल्या 94 हॉस्पिटलांतल्या 2876 पेशंटवर झालेल्या ‘क्लॉट्स 3’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 साली आले. पंप नसलेल्यांपैकी 12.1 टक्के लोकांच्या पायात गुडघ्याच्या पातळीवर किंवा वर गुठळी सापडली, पंप असलेल्यांपैकी 8.5 टक्के लोकांच्या. म्हणजे साधारण 28 जणांना पंप लावला की एकाची गुठळी टळते. रक्तस्रावाचा धोका न वाढवता हे साधतं, हे महत्त्वाचं.

घट्ट लांब मोज्यांचं काय? आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर ते अजूनही लिहिलेले दिसतात. त्याच गटाने 2009 मध्ये 2518 पेशंटवर मांडीपर्यंतचे मोजे तपासले होते. मोजे घातलेल्यांत गुठळी 10.0 टक्के, न घातलेल्यांत 10.5 टक्के. फरक नाहीच म्हणायचा. उलट कातडी सोलणं, फोड, जखमा यांचं प्रमाण 1 टक्क्यावरून 5 टक्क्यांवर गेलं. ऑपरेशननंतरच्या पेशंटमध्ये या मोज्यांचा उपयोग होतो, म्हणून ते लकव्यातही चालत असतील असं गृहीत धरलं गेलं होतं. लकव्याच्या पेशंटसाठी मोज्यांवर पैसे घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. मधुमेहामुळे पायाची संवेदना आधीच गेलेली असेल तर नक्कीच नाही.

पंप पहिल्या तीन दिवसांत सुरू करायचा आणि पेशंट स्वतःच्या पायावर हिंडू लागेपर्यंत किंवा 30 दिवसांपर्यंत रात्रंदिवस ठेवायचा. अडचणी इथेच सुरू होतात. सीटीला नेताना किंवा अंग पुसताना स्लीव्ह काढली जाते आणि परत चढवायची राहते. नळी पलंगाच्या दांडीत चिमटून वळते. अलार्म वाजून झोपमोड होते म्हणून नातेवाईकच बटण बंद करतात. नुसती गुंडाळलेली, हवा न भरणारी स्लीव्ह काहीही काम करत नाही. रोज एकदा स्लीव्ह उघडून टाच, नडगी आणि गुडघ्यामागची जागा बघायची. मे महिन्यात, नवतप्यात, कूलरच्या दमट हवेत आत घाम साचतो आणि पुरळ उठतं. कातडी कोरडी करून, आत पातळ सुती कापड ठेवून स्लीव्ह पुन्हा बांधावी, दोन बोटं आत जातील इतकी सैल. पायात गुठळी आधीच असेल, पायाच्या धमन्या अरुंद असतील, उघडी जखम असेल किंवा हृदय कमजोर होऊन पायांवर सूज असेल तर पंप लावत नाहीत. पेशंट तीन दिवस काहीही प्रतिबंध न करता पडून राहिला असेल, तर आधी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करून घेणं शहाणपणाचं.

औषधाचा पर्याय म्हणजे हेपरिनच्याच जातीचं एनॉक्सापॅरिन, 40 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. 2007 साली झालेल्या तुलनेत साध्या हेपरिनच्या 5000 युनिटच्या दोन इंजेक्शनांनी 18 टक्के लोकांना गुठळी झाली, तर एनॉक्सापॅरिनने 10 टक्के लोकांना. पण रक्तस्रावाचा धोका दोन्हींत आहे. मेंदूचा मोठा भाग सुकला असेल तर तिथे रक्त उतरू शकतं, म्हणून हा निर्णय सरसकट होत नाही. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो किंवा साधं हेपरिन द्यावं लागतं. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर हेपरिन ताबडतोब बंद. हेपरिनमुळेच उलट गुठळ्या होण्याचा तो इशारा असतो.

घरी इंजेक्शन देण्याची वेळ आली तर बेंबीपासून किमान 5 सेंटीमीटर लांब, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे द्यावं. कातडीची घडी चिमटीत धरावी आणि औषध पूर्ण जाईपर्यंत सोडू नये. सुई सरळ उभी, पूर्ण आत. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नये, तो काढताना औषधाचे थेंब वाया जातात. नंतर चोळू नये. पोटावर निळे डाग पडतात त्यांचं मोठं कारण चोळणं.

आता पाण्याचं. नागपुरात पारा 45 च्या वर गेला की धडधाकट माणसाचंही पाणी कमी पडतं. लकव्याच्या पेशंटला गिळता येत नाही, तहान सांगता येत नाही, आणि ठसका लागेल म्हणून घरचे घोटभरच पाजतात. रक्तातलं पाणी घटलं की गुठळीला पोषक स्थिती तयार होते. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही नको, हे बरोबर. पण मग सलाईन किंवा नाकातल्या नळीने पाणी वेळेवर गेलंच पाहिजे. लघवीची पिशवी हा सोपा मापक आहे. साठ किलोच्या पेशंटला तासाला किमान 30 मिली, म्हणजे सहा तासांत 180 मिली लघवी यायला हवी. त्याहून कमी आणि गडद पिवळी असेल तर सिस्टरना सांगावं. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. सलाईनची सुई शक्यतो लकवा नसलेल्या हाताला लावावी, लुळ्या हाताच्या शिरेतही गुठळी होते.

विदर्भात आणखी एक प्रश्न दाखल करतानाच विचारायचा: घरात सिकलसेल कुणाला आहे का? सिकलसेलमध्ये लाल पेशी वाकड्या आणि ताठ होतात. त्यामुळे धमनी आणि शीर दोन्हींत गुठळीचा धोका वाढतो आणि लहान मुलांनाही लकवा होऊ शकतो. अशा पेशंटच्या लकव्यावर रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन 30 टक्क्यांच्या खाली आणणं हा मुख्य उपचार असतो.

पाय लवकर हलवावा हे खरं, पण पहिल्या 24 तासांत पेशंटला वारंवार उठवून बसवण्याचा अट्टहास उलटतो, हे 2015 च्या ‘अॅव्हर्ट’ अभ्यासात दिसलं. एक दिवसानंतर, थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा, हे बरं. घोटा वरखाली फिरवणं नातेवाईकांनी फिजिओकडून शिकून घ्यावं. तेलाने जोरात मालिश मात्र नको. सुजलेल्या पोटरीत ताजी गुठळी असेल तर दाबाने तिचा तुकडा सुटू शकतो. ‘मालिशवाल्याला बोलावलंय’ असं कळलं की आधी डॉपलर, मग बाकीचं.

संशय कधी घ्यायचा? लुळ्या पायाला दुखणं कळतच नाही, म्हणून दुखण्याची वाट बघू नये. शिंप्याचा टेप घ्यावा. गुडघ्याखाली नडगीवरचा उंचवटा हाताला लागतो, तिथून 10 सेंटीमीटर खाली दोन्ही पायांवर पेनने खूण करावी आणि रोज त्याच खुणेवर घेर मोजावा. फरक 3 सेंटीमीटरपेक्षा जास्त झाला, किंवा पाय गरम, लालसर, तकतकीत वाटला, तर लगेच दाखवावं. डॉपलरमध्ये प्रोबने शीर दाबून बघतात. मोकळी शीर चपटी होते, गुठळी असलेली दबत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी लकव्यात गुठळीशिवायही वाढलेली येते, त्यामुळे ती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून काही सिद्ध होत नाही.

अचानक धाप लागणं, नाडी 100 च्या वर, ऑक्सिजन 90 च्या खाली, छातीत टोचणं किंवा बसवताच चक्कर, यांपैकी काहीही झालं तर गुठळी फुप्फुसात गेल्याचा संशय घ्यावा. लकव्याच्या पेशंटला न्यूमोनियाही होतो, म्हणून हे बऱ्याचदा ‘छातीत कफ भरला’ या नावाखाली जातं. फुप्फुसाच्या धमन्यांचं सीटी काढलं की उलगडा होतो.

मांडीच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी सापडली की पूर्ण डोसचा उपचार किमान 3 महिने चालतो. त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या आहेत. ॲपिक्साबान पहिले 7 दिवस 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग 5 दोनदा. रिव्हारोक्साबान 21 दिवस 15 दोनदा, मग 20 एकदा, आणि ही गोळी जेवणासोबतच, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. नाकातल्या नळीतून द्यायच्या असतील तर या दोन्ही कुटून चालतात. याच प्रकारच्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूल मात्र उघडायची नाही, उघडली तर औषध रक्तात जास्त जातं आणि रक्तस्राव होतो. मेंदूत ताजा रक्तस्राव असल्याने ही औषधं देताच येत नसतील, तर पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी बसवतात. औषध सुरू झाल्यावर ती काढायची असते. काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी, कारण ती विसरली जाते. फक्त पोटरीत लहान गुठळी असेल आणि मेंदूला धोका जास्त असेल, तर आठवडाभराने पुन्हा डॉपलर करून वाट पाहता येते.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे लकवा झाला असेल तर अशा गोळ्या सहसा जन्मभर लागतात. इथे एक फरक लक्षात ठेवावा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने ज्यांची झडप बरीच अरुंद झाली आहे, किंवा ज्यांना धातूची झडप बसवली आहे, त्यांना या नव्या गोळ्या चालत नाहीत. 2022 च्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात संधिवाती झडपेच्या पेशंटमध्ये रिव्हारोक्साबान जुन्या औषधांपुढे कमी पडलं. त्यांना वॉर्फरिन किंवा ॲसेनोकोमॅरॉल ही जुनी औषधं, आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा तपासणीचा आकडा) 2 ते 3 च्या दरम्यान, धातूच्या काही झडपांना याहून थोडा जास्त. या जुन्या औषधांवर पालक-मेथी बंद करायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खावी, एवढंच. दुखण्यासाठी परस्पर डायक्लोफिनॅक घेऊ नये, आणि दात काढायला जाताना रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचं डेंटिस्टला आधी सांगावं.