दोघांसाठी ग्रीक बेटं : सहा रात्रींचा बेत ठरवण्याआधी

ग्रीसची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेक जोडप्यांच्या मोबाइलमध्ये एकच फोटो असतो : पांढरी घरं, निळा घुमट, खाली समुद्र. हा फोटो सँटोरिनी बेटावरच्या इया गावातला. त्याच्या जोडीला यादी असते, अथेन्स, मिकोनोस, पारोस, सँटोरिनी, जमलं तर क्रीट, आणि रजा मात्र आठवड्याची. या यादीतली निम्मी नावं खोडा, एवढं सांगण्यासाठीच हे पत्रक आहे. सहा रात्रींत दोन बेटं आणि शेवटची रात्र अथेन्समध्ये, याहून जास्त आम्ही सुचवत नाही. तरी कोणी आग्रहच धरला तर बुकिंग करून देतो, पण आधी पुढचा हिशेब समोर ठेवतो.

खोली सकाळी अकराच्या सुमारास सोडावी लागते आणि पुढच्या बेटावरची खोली दुपारी तीनला ताब्यात मिळते. मधल्या वेळात सामान घेऊन बंदर गाठायचं, बोटीची वाट पाहायची, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी शोधायची. वेळापत्रकात दोन तासांची दिसणारी बोट सगळा दिवस घेऊन जाते. चार बेटं म्हणजे असे चार दिवस. मग दोघांनी मिळून पाहिलेलं ग्रीस म्हणजे मुख्यतः धक्के आणि प्रतीक्षालयं.

कधी जावं

आपला उन्हाळा एप्रिल-मेमध्ये, तिथला जून ते सप्टेंबर. मे महिन्यात तिथे हवा छान असते, डोंगरउतारांवर रानफुलं असतात, पण समुद्राचं पाणी अजून गार असतं. फोटोत दिसणाऱ्या खोलीबाहेरच्या छोट्या तलावातही मेमध्ये कुडकुडायला होतं. तलाव तापवलेला आहे का, हे आम्ही हॉटेलला विचारून घेतो. पोहायचं असेल तर जूनचा मध्य किंवा सप्टेंबर. आम्हाला विचाराल तर सप्टेंबरच. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, गर्दी ओसरू लागलेली असते. आपल्याकडे मात्र तेव्हा बहुधा गणपती असतात, त्यामुळे तारखांची ओढाताण होते, हे आम्हालाही ठाऊक आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-पुण्याच्या पावसातून सुटका होते खरी, पण तिथे ऊन कडक असतं, दर सर्वांत चढे असतात आणि 'मेल्तेमी' सुटलेला असतो. एजियन समुद्रावर उत्तरेकडून दिवसचे दिवस वाहणारा हा कोरडा वारा. त्याच्याविषयी पुढे सांगतो. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो. त्या आठवड्यात निम्मं अथेन्स बेटांकडे निघालेलं असतं, आणि तिनोस बेटावर तर यात्राच भरते. तेव्हाची बोटीची तिकिटं ऐनवेळी मिळतील या भरवशावर राहू नका.

डिसेंबर-जानेवारीच्या मुहूर्तावर लग्न होऊन लगेच सँटोरिनीला जायचं म्हणणारेही बरेच असतात. नोव्हेंबर ते मार्च तिथली बरीच हॉटेलं आणि खानावळी बंद असतात, बोटी कमी असतात आणि गार वाऱ्यात पाऊस असतो. अशांना आम्ही दुसरा देश सुचवतो.

वारा आणि बोटी

या सहलीचं वेळापत्रक शेवटी वारा ठरवतो. वारा ठरावीक जोराच्या वर गेला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात. जलद बोटी आधी थांबतात, मोठ्या जहाजांचा क्रम नंतर लागतो. जलद बोटीत वेळ वाचतो, पण लाटा उठल्या की ती फार आदळते आणि बहुतेकींना उघडा डेकही नसतो. बोट लागत असेल तर मोठं जहाजच घ्या. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून नॅक्सोस बेटाला ते पाच-साडेपाच तास घेतं, सँटोरिनीला साधारण आठ तास. डेकवर वाऱ्यात बसून बेटांमागून बेटं जाताना पाहणं हा आमच्या मते सहलीचा निम्मा आनंद आहे. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच न्या.

खराब हवेमुळे बोट रद्द झाली तर युरोपीय नियमांप्रमाणे पुढच्या बोटीवर जागा किंवा तिकिटाचे पैसे परत, यांपैकी एक निवडता येतं. हॉटेलचा खर्च मात्र हवामानाच्या कारणासाठी बोट कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणूनच परतीच्या विमानाच्या दिवशीच बेटावरून बोटीने निघायचा बेत आम्ही आखत नाही. शेवटची रात्र अथेन्समध्ये ठेवतो ती यासाठी. तिथल्या टेकडीवरची प्राचीन मंदिरं, अॅक्रोपोलिस, हा वरचा लाभ.

आमचा नेहमीचा क्रम असा : अथेन्सला उतरून पाऊण तासाच्या विमानाने थेट सँटोरिनी, तिथे दोन रात्री. मग बोटीने नॅक्सोस, तिथे तीन. मग मोठ्या जहाजाने पिरेयस आणि अथेन्समध्ये एक रात्र. रजा चारच दिवसांची असेल तर एजियनच्या मध्यात जाऊच नका. पिरेयसहून जलद बोटीने दोनेक तासांत हायड्रा बेट गाठता येतं. तिथे गाड्यांना बंदी आहे, सामान खेचरं वाहतात आणि संध्याकाळी धक्क्यावर फिरण्यापलीकडे फारसं काम नसतं. जोडप्याला आणखी काय हवं?

सँटोरिनी

साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला, ज्वालामुखीचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. आज आपण 'काल्डेरा' म्हणतो तो हाच पाण्याने भरलेला खळगा, आणि गावं आहेत ती त्याच्या कड्यावर. त्यामुळे एक गोष्ट आधीच लक्षात घ्या : काल्डेराकडे तोंड असलेल्या हॉटेलला समुद्र दिसतो, मिळत नाही. खाली किनारा नसतो. काळ्या वाळूचे किनारे, पेरिसा आणि कामारी, बेटाच्या दुसऱ्या बाजूला आहेत आणि तिथे राहणं बरंच स्वस्त पडतं. दोन रात्रींपैकी एक कड्यावर आणि एक किनाऱ्यावर अशी वाटणी काही जण मागतात. आम्ही ती करत नाही, कारण त्यात पुन्हा अर्धा दिवस सामान बांधण्यात जातो.

कड्यावरच्या खोल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरात कोरलेल्या असतात आणि तिथपर्यंत पायऱ्याच असतात, कुठे वीस, कुठे शंभराच्या वर. चाकांची मोठी बॅग तिथे उपयोगाची नाही. गुडघे दुखत असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, इमेरोविग्ली किंवा फिरा या कड्यावरच्याच गावांत कमी पायऱ्यांचं ठिकाण शोधता येतं. आणखी एक कानमंत्र. खोलीबाहेरचा तलाव 'खासगी' असला तरी वरच्या पायवाटेवरून तो अनेकदा सगळ्यांना दिसतो. नवदांपत्यांना हे तिथे गेल्यावर कळू नये.

इयाचा सूर्यास्त पाहायला उन्हाळ्यात तुफान गर्दी होते. जूनमध्ये सूर्य साडेआठनंतर मावळतो आणि लोक सातपासूनच भिंती अडवून बसतात. तोच सूर्य इमेरोविग्लीहून, पिर्गोसच्या जुन्या किल्ल्यावरून किंवा आक्रोतिरीच्या दीपगृहापाशी निवांतपणे पाहता येतो. इया पाहायचंच तर सकाळी आठच्या आत. सहलीच्या जहाजांतले प्रवासी तोवर वर आलेले नसतात.

भर दुपारी आक्रोतिरीचं उत्खनन बघा, कारण त्यावर छप्पर आहे. राखेखाली गाडलेलं हे कांस्ययुगीन गाव १९६७पासून स्पिरिडॉन मारिनातोस यांनी खणून काढलं. दुमजली घरं, सांडपाण्याची व्यवस्था, धान्याचे रांजण सगळं जागेवर आहे. मानवी सांगाडे मात्र सापडले नाहीत. लोक आधीच निसटले असावेत असं मानतात. तिथली भित्तिचित्रं फिराच्या आणि अथेन्सच्या संग्रहालयांत आहेत.

नाशिककडची द्राक्षं मांडवावर चढलेली असतात. इथे वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवलेल्या दिसतील. वाऱ्यापासून घड वाचतात आणि समुद्री धुक्याचा ओलावा धरून राहतो. 'आसिर्तिको' ही पांढरी वाइन याच द्राक्षांची.

फिराच्या जुन्या बंदरातून वर येण्यासाठी केबल कार आहे, सहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि गाढवंही आहेत. गाढवाची सवारी आमच्या कोणत्याही सहलीत नाही. २०१८मध्ये ग्रीक सरकारने त्यांच्यावर १०० किलोंपेक्षा जास्त ओझं लादायला बंदी घातली. उन्हात त्या पायऱ्यांवर उभी असलेली गाढवं पाहिली की बंदीची गरज कळते.

भूकंपाविषयी हल्ली हमखास विचारतात. २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत सँटोरिनी आणि आमोर्गोस यांच्या दरम्यान हजारो लहानमोठे धक्के बसले, हजारो लोक बेट सोडून गेले, शाळा बंद राहिल्या. नंतर ते शमले आणि त्याच उन्हाळ्यात पर्यटन सुरू झालं. हा भाग भूकंपप्रवणच आहे. मोबाइलवर ११२ क्रमांकाकडून इशारा आला, मग तो भूकंपाचा असो वा वणव्याचा, तर तो मनावर घ्या.

नॅक्सोस कशासाठी

कारण सँटोरिनीत फिरताना खिसा आणि पाय दोन्ही थकतात, आणि नॅक्सोसमध्ये दोघांनाही विश्रांती मिळते. सायक्लाडीज बेटांतलं हे सर्वांत मोठं. इथे शेती आहे, गुरं आहेत, पाणी आहे, त्यामुळे बेट केवळ पर्यटकांवर जगत नाही. बंदरात शिरतानाच इ.स.पू. सहाव्या शतकातल्या, कधीच पूर्ण न झालेल्या अपोलो मंदिराची संगमरवरी चौकट दिसते, 'पोर्तारा'. आगियोस गियोर्गियोसचा उथळ किनारा मुख्य गावातून चालत जाण्याजोगा आहे. आगियोस प्रोकोपियोस आणि प्लाका बसने. एक दिवस डोंगरातल्या हाल्की आणि आपिरान्थोस गावांसाठी ठेवा.

मिकोनोस का नाही? रात्रभर संगीत आणि नाच हवा असेल तर जरूर जा. तसा शौक नसताना तिथले दर मोजणं आम्हाला पटत नाही. अपवाद एकच, शेजारचं देलोस बेट. अपोलोचं जन्मस्थान मानलेली ही अख्खी पुरातन नगरी आहे, आणि तिथे पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही.

जेवण

शाकाहारी माणूस ग्रीसमध्ये उपाशी राहत नाही. सँटोरिनीचा 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. ही डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली. टोमॅटोची भजी, भाताने भरलेल्या ढोबळ्या मिरच्या म्हणजे 'येमिस्ता' (कधीकधी आत खिमा असतो, विचारून घ्या), मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे 'यीगान्देस', पालकाची 'स्पानाकोपिता', नॅक्सोसचे बटाटे आणि तिथलंच 'ग्राविएरा' चीज. वेटरला 'होरीस क्रेआस, होरीस प्सारी' म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. 'निस्तिसिमो' म्हणजे उपवासाचा पदार्थ. त्यात दूध, अंडी, मांस नसतं, पण ऑक्टोपस आणि कोळंबी चालते, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर नॅक्सोसमध्ये स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन देतो.

घरून चिवडा-भडंग न्या. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानातून आणायला बंदी आहे.

व्हिसा आणि कागद

ग्रीसला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच असलेला) लागतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, अर्ज केंद्राचा आकार वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ लागतात. खरी अडचण भेटीची तारीख मिळण्याची असते, म्हणून जूनसाठी फेब्रुवारीतच हालचाल करा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध हवा.

नवविवाहितांसाठी : पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीट, विमा, व्हिसा सगळं त्याच नावाने काढा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. सहलीआधी घाईने नाव बदलायला गेलात तर तारखा हुकू शकतात.

तिथे गाडी किंवा चारचाकी बाइक भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. चारचाकी बाइक दिसायला मजेची, वळणांवर बेभरवशाची. विम्यात ती वगळलेली आहे का, हे आधी तपासा.

पैशांचं

आमच्या दरात विमानं, बोटी, राहणं आणि न्याहारी धरलेली असते. टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या बिलावर आम्हाला गोळा करावा लागणारा आगाऊ कर, आम्ही बिलात वेगळा दाखवतो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. हॉटेलात मात्र एक कर तुम्हालाच भरावा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर, खोलीमागे दर रात्री पंचतारांकितला १५ युरो, चारला १०, तीनला ५. माणशी नव्हे, खोलीमागे. खानावळीत न मागता आलेल्या पावाचे पैसे बहुधा लावतात, त्यावरून वाद घालू नका. अॅक्रोपोलिसचं ३० युरोचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आम्ही सकाळची पहिली वेळ घेतो, कारण उष्णतेची लाट आली की दुपारी ते बंद ठेवतात.

बेटांवर नळाचं पाणी पिऊ नका. कागद कमोडमध्ये टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका, तिथल्या नळ्या अरुंद आहेत. दुपारी तीन ते साडेपाच शांततेची वेळ. दागिने घरी ठेवा. अथेन्सच्या मेट्रोत खिसेकापू असतात.

चौकशीला येताना दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत आणा, रजेच्या तारखा दोन दिवस पुढेमागे होऊ शकतात का ते सांगा, आणि तुमच्यापैकी कोणाला बोट लागते हेही. त्यावरच क्रम ठरतो.