घोटा-पाऊल स्प्लिंट

पक्षाघातानंतर लोंबणारे पाऊल चालताना वर धरून ठेवणारे, पोटरीच्या मागून तळव्यापर्यंत जाणारे आधारसाधन. दवाखान्यात याला ‘एएफओ’ (अँकल-फूट ऑर्थोसिस) म्हणतात, बोलण्यात अजूनही ‘कॅलिपर’.

कॅलिपर हे मूळचे मोजमापाचे उपकरण. लिव्हरपूलचे अस्थिवैद्य ह्यू ओवेन टॉमस (१८३४–९१) यांच्या गुडघ्याच्या स्प्लिंटला चालण्याजोगे रूप देताना सळ्यांची टोके आत वळवून बुटाच्या टाचेत बसवली जात. त्या आकारावरून हे नाव पडले असावे. भारतात ते रूढ झाले पोलिओमुळे. प्लास्टिकचे स्प्लिंट साधारणतः १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनचे मानले जाते.

घोटा शक्यतो काटकोनात धरून पायावर प्लास्टरचा साचा घेतात. त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करतात आणि तिच्यावर तापवून मऊ केलेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा हवा शोषून घट्ट बसवतात. कडा घोट्याच्या हाडापुढे ठेवल्या तर स्प्लिंट ताठ होते, मागे कापल्या तर लवचिक. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापासून वरची कड खाली ठेवावी लागते. तिथली नस दबली तर पाऊल आणखीच लोंबते. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर ती जागा तापवून सैल करून घ्यावी. बधिर पायाला टोचणी कळत नाही, म्हणून टाच आणि घोटा रोज डोळ्यांनी पाहणे अत्यावश्यक. आपल्याकडे घरात अनवाणी वावरतात; गुळगुळीत फरशीवर प्लास्टिकचा तळ सटकतो, तेव्हा घरातही पट्ट्याची चप्पल हवीच.

स्प्लिंटमुळे स्नायू आळसावतात व ताठरता वाढते, असे बोबाथ या पक्षाघातानंतरच्या व्यायामोपचार पद्धतीचे काही उपचारक मानत. पुढील अभ्यासांत चालण्याचा वेग व तोल सुधारल्याचे आढळल्याने आज कल वापराकडे आहे, आणि तो योग्य वाटतो.

खर्चासाठी केंद्राची, दिव्यांगांना साधने मिळवून देणारी एडीआयपी योजना (१९८१) आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास पूर्ण, ३०,००० पर्यंत निम्मी मदत मिळते. साधने मुख्यतः कानपूरच्या अलिम्को (१९७२) या सरकारी उपक्रमाची, बहुधा शिबिरांतून दिली जातात. साच्यावर बेतायचे स्प्लिंट मात्र शिबिराच्या एका भेटीत नीट बसणे कठीण. मुंबईत हाजीअलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या (१९५५) ठिकाणी ते मापाने करून घेता येते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. तिच्या यादीत नी-ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) आणि ट्रायपॉड (तीन पायांची काठी) आहेत, एएफओचे नाव नाही.