शिखर लांबून मोजता येतं, गाव नाही

हिमालयाच्या जुन्या नकाशांत गावाच्या नावाशेजारी बारीक अक्षरात उंचीचा आकडा छापलेला असतो. शिखरांपेक्षा मला या गावांच्या आकड्यांचं अप्रूप जास्त. एव्हरेस्टची 1856 साली जाहीर झालेली 29,002 फूट उंची मैदानातून, थिओडोलाइटनं कोन मोजून काढली होती. शिखर लांबूनही दिसतं. दरीत वसलेलं गाव मात्र डोंगराआड दडतं. तिथं कुणीतरी पायी जावंच लागतं.

ल्हासाला गेले नैनसिंह रावत, कुमाऊंमधल्या मिलमचे. तिबेटात परक्या सर्वेक्षकांना मज्जाव होता, म्हणून यात्रेकरूच्या वेशात, जानेवारी 1866 मध्ये ते तिथं पोहोचले. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी, दर शंभर पावलांना एक मणी पुढे. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात. अंतर असं पावलांनी मोजलं. आणि उंची? त्यासाठी पाणी उकळायचं आणि तापमापक बघायचा.

वर जावं तसा हवेचा दाब घटतो आणि पाणी लवकर उकळतं. दर 300 मीटरला ढोबळमानानं 1 अंश सेल्सिअस कमी. ठाण्यात पाणी 100 अंशांच्या आसपास उकळतं, 800 मीटरवरच्या माथेरानला 97 च्या थोडं वर, ल्हासाला जेमतेम 88 ला. म्हणजे तापमापक वाचताना दशांश अंशाची चूक झाली, तरी गाव 30 मीटर वर-खाली सरकतं.

त्यात हवामानाची भर. आपल्याकडे जानेवारीच्या मानानं जुलैत हवेचा दाब सुमारे 10 हेक्टोपास्कलनं उतरतो. तलावपाळीवर दोन्ही महिन्यांत पाणी उकळून पाहिलं, तर तापमापकाच्या हिशेबानं ठाणं पावसाळ्यात 80-90 मीटर वर चढलेलं निघेल! म्हणूनच एका वाचनावर भागत नाही. पुन्हा पुन्हा पाणी उकळायचं, सरासरी काढायची आणि उंची आधीच ठाऊक असलेल्या ठिकाणच्या दाबाशी ती ताडून पाहायची.

कडाक्याच्या थंडीत, पकडले जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना नैनसिंहांनी हे केलं. 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. ते शंभर टक्के त्यांच्या हक्काचं होतं. जुन्या नकाशातलं एखादं आडवळणाचं गाव आजच्या मोजणीपेक्षा शे-दीडशे मीटरनं चुकलेलं दिसलं, तर आधी एवढं पाहावं, की तो आकडा कोनातून आलाय की उकळत्या पाण्यातून.