फळे सुकविण्याचे उष्ण हवेचे यंत्र

फळांच्या फोडींवरून तापवलेली हवा खेळवून त्यांतले पाणी काढून घेणारे यंत्र. बोलण्यात त्याला सरसकट ड्रायर म्हणतात. बंदिस्त कक्ष, जाळीचे ट्रे, पंखा, हवा तापवण्याची सोय आणि दमट हवा बाहेर सोडणारी झडप एवढेच त्याचे मुख्य भाग. भाग थोडे असले तरी त्यांची मापे एकमेकांशी जुळवणे सोपे नसते. आराखडा करायला बसले की लक्ष आधी हीटरकडे जाते. तयार यंत्र फसते ते मात्र बहुतेकदा हवेच्या वाटेमुळे. म्हणून या नोंदीत हवेला जास्त जागा दिली आहे.

फळ सुकवले की टिकते, कारण त्यातल्या उरलेल्या पाण्याला साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ धरून ठेवतात व ते सूक्ष्मजीवांच्या हाती लागत नाही. हे किती प्रमाणात घडले ते ‘जलक्रियता’ या आकड्याने मोजतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ धरतात. बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते, बुरशी त्याहून चिवट असते, आणि ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. बेदाण्यात साधारण १५ ते १८ टक्के पाणी ठेवतात. जर्दाळूसारखे फळ गंधकाची धुरी देऊन त्याहून ओले, मऊ ठेवता येते.

पाण्याचा हिशेब

आराखड्याची सुरुवात वजनापासून होते आणि पहिली चूकही इथेच होते. समजा, ८४ टक्के पाणी असलेल्या १०० किलो फोडी २० टक्क्यांवर आणायच्या आहेत. ८४ मधून २० वजा करून ६४ किलो पाणी निघेल असे चटकन वाटते. पण टक्के काढलेले असतात ते त्या-त्या वेळच्या एकूण वजनावर, आणि वजन तर सारखे घटत असते. न बदलणारी गोष्ट एकच : साखर, तंतू, आम्ले मिळून होणारा घन भाग. तो इथे १६ किलो आहे. सुकलेल्या मालात हाच १६ किलो भाग ८० टक्के होतो, म्हणजे माल २० किलो भरतो आणि ८० किलो पाणी निघते. ६४ किलोंवर बेतलेला पंखा आणि हीटर पाचव्या हिश्शाने तोकडे पडतात, आणि मग दोष फळाला किंवा दमट हवेला दिला जातो. यासाठीच जाणकार मंडळी कोरड्या वजनावर बोलतात : दर किलो घन भागामागे ५.२५ किलो पाणी होते, ते ०.२५ किलोंवर आणायचे.

हवा पाणी कसे उचलते

हवेला दोन कामे एकदम करावी लागतात. फोडीला उष्णता पोहोचवायची आणि निघालेली वाफ उचलून न्यायची. ३० °से. तापमानाच्या, ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत दर किलोमागे सुमारे १६ ग्रॅम वाफ असते. हीच हवा ६० °से. पर्यंत तापवली तर वाफ तेवढीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता १३ टक्क्यांवर उतरते. हवा तहानलेली होते. ही हवा पाण्याने पुरती भरेपर्यंत फोडींवरून गेली तर ती ३१ अंशांच्या आसपास थंड होईल आणि किलोमागे जेमतेम १२ ग्रॅम पाणी उचलेल. प्रत्यक्षात ती भरायच्या आधीच बाहेर पडते. निम्मे, म्हणजे ६ ग्रॅम, धरणे व्यवहार्य असते.

वरच्या उदाहरणात ८० किलो पाणी १० तासांत काढायचे म्हणजे ताशी सरासरी ८ किलो. दर किलो हवेला ६ ग्रॅम या भावाने ताशी सुमारे १,३३० किलो हवा लागते. ६० अंशांना तिचे आकारमान जवळपास १,३०० घनमीटर भरते. ती ३० अंशांनी तापवायला ताशी ४१,४०० किलोज्यूल, म्हणजे साडेअकरा किलोवॉट लागतात. आता पाण्याकडे पाहा. ६० अंशांना एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,३६० किलोज्यूल पुरतात आणि आपण खर्च केले ५,२०० च्या आसपास. निम्म्याहून जास्त उष्णता, पाणी उचलताना ६० वरून ४६ अंशांवर आलेल्या हवेबरोबर, उघड्या दारातून निघून गेली.

हा हिशेब करण्याची आकृती, म्हणजे आर्द्रतालेख, हातात आल्यापासून ड्रायरचा आराखडा अंदाजपंचे राहिला नाही. अमेरिकन अभियंते विलिस कॅरियर यांनी १९११ मध्ये आर्द्र हवेची सूत्रे मांडली. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड मोलिए यांचा आलेख १९२३ चा. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, अमेरिकन रसायन अभियंते वॉरन लुइस यांनी घन पदार्थ सुकण्याच्या वेगावर निबंध लिहिला आणि १९२९ मध्ये टॉमस शेरवुड यांनी तो विचार पुढे नेला.

फोडीच्या आत काय घडते

ताजी ओली फोड ट्रेवर ठेवली की सुरुवातीला तिच्या पृष्ठभागावरून पाणी मोकळेपणाने उडते. त्या काळात फोड ६० अंशांच्या हवेतही गारच, ओल्या तापमापकाच्या (ज्याच्या फुग्यावर ओली वात गुंडाळलेली असते अशा तापमापकाच्या) तापमानाजवळ राहते. मग पृष्ठभाग कोरडा पडतो आणि आतले पाणी पेशींमधून वाट काढत वर यायला उशीर लागतो. फळांत ही दुसरी अवस्था फार लवकर सुरू होते आणि बहुतेक वेळ तिच्यातच जातो. या अवस्थेत वाऱ्याचा वेग वाढवून फारसे साधत नाही. जाडी कमी केली तर साधते. पाणी आतून झिरपत येण्याचा वेळ ढोबळपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १० मिलिमीटरची चकती ५ मिलिमीटरची केली तर वेळ चौथाईपर्यंत उतरू शकतो. त्यामुळे काप सारख्या जाडीचे काढणारे यंत्र हा ड्रायरचाच भाग मानावा, असे माझे मत आहे. एकाच ट्रेवर ४ आणि ८ मिलिमीटरच्या चकत्या असतील तर पातळ करपेपर्यंत जाड ओलीच राहते, आणि याला कोणताही नियंत्रक उपाय करू शकत नाही.

घाईने तापमान चढवले तर आणखी एक दुखणे उभे राहते. पृष्ठभागाची साखर आटून कडक पापुद्रा धरतो आणि आतले पाणी कोंडते. अशी फोड बाहेरून खणखणीत वाटते. ती चाकूने मधोमध कापली तर कडेला गडद, चामड्यासारखी चिवट रेघ आणि मध्ये ओलसर, चकाकणारा गर दिसतो. बोटांनी दाबला तर रस सुटतो. डब्यात भरल्यावर बुरशी येते ती अशा मालाला. बहुतेक फळांना ५५ ते ७० °से. हा पल्ला मानवतो. सुरुवातीला वरचे टोक चालते, कारण फोड स्वतः गार असते. शेवटी तिचे तापमान हवेच्या तापमानाला येऊन भिडते, रंग तपकिरी होऊ लागतो, तेव्हा खाली उतरावे लागते.

द्राक्षाची गोष्ट निराळी. त्याच्या सालीवर मेणाचा थर असतो आणि पाणी त्यातून मोठ्या कष्टाने बाहेर पडते. पोटॅशियम कार्बोनेट व इथिल ओलिएटच्या द्रावणात बुडवून काढले की तो थर मोकळा होतो आणि सुकण्याचा वेळ बराच घटतो.

वाऱ्याची वाटणी

ट्रेवर दर चौरस मीटरला ६ किलो माल पसरला तर १०० किलोंना सुमारे १७ चौरस मीटर जागा लागते. १ मीटर रुंद, अर्धा मीटर खोल असे ३४ ट्रे घेऊ. १७ थरांच्या दोन चळती, एकामागे एक. दोन थरांमध्ये वाऱ्याला ४ सेंटिमीटरची मोकळी फट ठेवली तर सगळ्या फटी मिळून ०.६८ चौरस मीटर होतात. त्यांतून सेकंदाला २ मीटर वेगाने वारा न्यायचा तर पंख्याने ताशी ४,९०० घनमीटर हवा फिरवायला हवी. वर काढलेली १,३०० घनमीटर हवा एकदाच सोडली तर तिचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास राहील. फोडींभोवतीची दमट हवा नीट हलणार नाही.

म्हणून तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतात आणि थोडीशीच बदलतात. ताजी हवा ताशी ४०० किलोंवर ठेवली तर दर किलोला २० ग्रॅम पाणी घेऊन ती बाहेर पडते. ६० अंशांच्या फिरत्या हवेची आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, आणि उष्णतेची गरज साडेअकरावरून सुमारे साडेआठ किलोवॉटवर येते. पाव उष्णता वाचली, तीही एका झडपेच्या जोरावर. सुरुवातीला पाणी भराभर निघते तेव्हा झडप जास्त उघडी हवी. पाणी निघण्याचा दर त्या तासांत सरासरीच्या दुपटीच्या घरात जाऊ शकतो, त्यामुळे पंखा आणि हीटर केवळ सरासरीवर बेतू नयेत. शेवटी पाणी चिमटीने येते, तेव्हा झडप जवळपास मिटवावी.

पण हवा किती आहे यापेक्षा ती कुठून जाते हे जास्त महत्त्वाचे. हवा सोपी वाट धरते. ट्रेची कड आणि भिंत यांत दोन बोटे फट राहिली, वरच्या ट्रेच्या डोक्यावर मोकळी जागा उरली, की वारा तिथूनच निसटतो आणि मधल्या ट्रेवरचा माल तसाच ओला राहतो. पंख्यातून आलेला झोत काटकोनात वळवला तर तो बाहेरच्या बाजूला सरकतो. खालच्या थरांना सोसाट्याचा वारा आणि वरच्यांना झुळूकही नाही, असा प्रकार होतो. उपाय जुने आणि साधे आहेत. वळणावर वाकवलेल्या पट्ट्या बसवाव्या, ट्रेच्या आधी हवेला थबकायला प्रशस्त कोठी ठेवावी, आणि कोठीच्या तोंडाशी भोकांचा पत्रा लावावा. या पत्र्याला थोडा दाब खर्ची पडतो, पण त्या बदल्यात वारा सगळीकडे सारखा वाटला जातो. हा खर्च वाचवायला जाऊ नये. तपासणीसाठी प्रत्येक ट्रेच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी बांधून रिकाम्या कक्षात पंखा लावावा. जिथे पट्टी लोंबत राहते तिथे माल ओला राहणार हे नक्की. नंतर वेगमापकाने आकडे घ्यावेत आणि भरलेल्या ट्रेवर पुन्हा घ्यावेत, कारण माल भरला की वाटा बदलतात.

आपल्या उदाहरणात हवा एका फेरीत सुमारे ४ अंशांनी गार होते, जोरात पाणी निघत असताना ७-८ अंशांनी. म्हणजे पहिल्या चळतीला कोरडा, गरम वारा मिळतो आणि मागच्या चळतीला तिचा उष्टा. मधून मधून ट्रेची अदलाबदल करणे किंवा वाऱ्याची दिशा उलटवणे हे यावरचे मार्ग. बोगद्यासारख्या लांब ड्रायरमध्ये, जिथे ट्रेंच्या गाड्या एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघतात, हाच फरक उपयोगी पडतो. वारा आणि गाड्या एकाच दिशेने नेल्या तर सर्वांत ओल्या मालाला सर्वांत गरम हवा मिळते आणि सुकत आलेला माल सौम्य हवेत राहतो. उलट दिशेने नेल्या तर उष्णता चांगली वापरली जाते, पण शेवटी मालाला सर्वांत गरम हवा लागते. तापमान तिथे जपून ठरवावे लागते.

पंख्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर वीज जवळपास निम्मी लागते. पाणी आतूनच सावकाश येऊ लागले की पंखा मंद करावा, म्हणून वेग बदलता येणारी मोटर हवीच; तीही गरम हवेच्या प्रवाहाबाहेर बसवलेली.

उष्णता, धातू आणि मापन

साध्या विजेच्या हीटरला वरची मर्यादा असते : काहीही वाया गेले नाही तरी एका युनिटमागे सुमारे दीड किलो पाणी. उष्णता पंप ही मर्यादा ओलांडतो, कारण दमट हवा गार करून तिच्यातली वाफ तो पाण्याच्या रूपात बाहेर काढतो आणि तीच उष्णता परत देतो. लाकूड, भुसा जाळायचा असेल तर धूर फळापर्यंत येता कामा नये; मध्ये उष्णताविनिमयक, म्हणजे धूर आणि हवा न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारी सोय, हवाच. सूर्यतापक दिवसा इंधन वाचवतो, पण रात्री अर्धवट सुकलेल्या मालासाठी दुसरी सोय लागते. भिंतींत ५० मिलिमीटर खनिज लोकर घातली तर दर चौरस मीटरला २५ वॉटच्या आत उष्णता झिरपते. नुसत्या पत्र्यातून याच्या कित्येक पट जाते.

फळातली आम्ले जस्त विरघळवतात, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली जाळी मालाला लागू देऊ नये. स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांना चालणारे प्लास्टिक वापरावे. गंधकाची धुरी स्वतंत्र पेटीत द्यावी, नाहीतर ड्रायरचा धातू आणि आर्द्रतामापक दोन्ही खराब होतात. या कामात कोरडा आणि ओला अशी तापमापकांची जुनी जोडी अजून भरवशाची आहे. फक्त ओल्यावरची वात स्वच्छ आणि खरोखर ओली असली पाहिजे. हवा मालावर येते त्या बाजूला मापक बसवावा, हीटरच्या तोंडाशी नव्हे.

सुकले की नाही हे ठरवायला एक खुणेचा ट्रे वजनकाट्यावर ठेवतात. सुरुवातीला ट्रेमध्ये घातलेल्या ३ किलो फोडी आपल्या उदाहरणात ६०० ग्रॅमवर आल्या की काम झाले. मग हीटर बंद करून पंखा चालू ठेवतात. गरम माल तसाच डब्यात भरला तर आतून दव धरते. गार झालेल्या फोडी बंद पेटीत काही दिवस एकत्र ठेवतात. जास्त ओल्या फोडींतले पाणी कोरड्यांकडे सरकते आणि ओल सारखी होते. या दिवसांत पेटीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर तो माल पुन्हा ट्रेवर पसरावा लागतो.