कुत्र्याची बिस्किटं: भाजलेली वेगळी, वाळलेली वेगळी

घरी केलेल्या डॉग ट्रीट्सचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते. लाल भोपळा घालून केली होती, वरून मस्त खरपूस झाली होती, डब्यात भरली आणि चार दिवसांनी झाकण उघडलं तर बुरशी! मग सल्ले सुरू, पीठ बदला, गाजर घाला, भोपळा नकोच. भोपळ्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो हो. ओव्हनमधून दोन वेगळ्या गोष्टी निघू शकतात, एक भाजलेली आणि एक वाळलेली, दिसतात जवळपास सारख्या आणि आपण दोघींनाही बिस्किटच म्हणतो, तिथेच सगळा घोळ होतो.

मुंबईकरांना हे इराण्याच्या बेकरीत लगेच कळेल. पाव भट्टीत भाजलेलाच असतो पण आतून ओला, म्हणून तो आजचा आज किंवा फार तर उद्या संपवायचा. टोस्ट म्हणजे पाव कापून परत भट्टीत घालून सुकवलेला, तो डब्यात आठवडे राहतो. आता पावाला टोस्टच्या डब्यात ठेवलं आणि बुरशी आली तर पिठाला शिव्या घालून काय उपयोग?

आता आकडे बघू, कारण डोळ्यांना हा फरक दिसत नाही. समजा २५० ग्रॅम कणीक, १५० ग्रॅम शिजवून कुस्करलेला भोपळा आणि एक अंडं, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचा गोळा झाला. भोपळ्यात ९० टक्क्यांच्या वर पाणी, अंड्यात तीन चतुर्थांश, कणकेतही थोडं असतंच, सगळं मिळून या गोळ्यात २०० ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी आहे. हा लाटून, कापून १७५-१८० डिग्रीवर २०-२५ मिनिटं ठेवला की वरून रंग येतो, घरभर वास सुटतो आणि आपण ओव्हन बंद करतो. त्या वेळी ट्रेमधल्या मालाचं वजन असेल साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे अजून जवळजवळ एक तृतीयांश पाणीच. कवच लाल होतं कारण ते लवकर सुकतं, पण आतला भाग त्यात भरपूर पाणी असेपर्यंत शंभर डिग्रीच्या पुढे फारसा सरकतच नाही. झालं ते भाजलेलं बिस्किट. मऊ, छान, कुत्रा वेडा होतो, फक्त ते फ्रिजमधलं बिस्किट आहे.

वाळलेलं हवं असेल तर हेच बिस्किट आणखी ओव्हनमध्ये ठेवायचं, ९०-१०० डिग्रीवर, दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. सुरुवातीपासूनच कमी आचेवर ठेवू नका, आधी नीट भाजून घ्या म्हणजे अंडं शिजतं, मग वाळवा. आणि लाटताना चार-पाच मिलिमीटरच्या वर जाडी नको, जाड हाडाच्या आकाराची बिस्किटं फोटोत भारी दिसतात पण आतून वाळता वाळत नाहीत. ओटीजी असेल तर दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवायची, नाहीतर वाफ आतच कोंडून बसते आणि आपण सुकवायच्या नावाखाली वाफवत राहतो. (लहान मुलं घरात असतील तर त्या फटीकडे लक्ष ठेवा.) वजन २७५ ग्रॅमच्या आसपास आलं आणि अर्ध्या तासाने परत ठेवून बघितलं तरी हललं नाही, की झालं. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. काटा नसेल तर पूर्ण गार झालेलं एक बिस्किट तोडा, कट् असा आवाज यायला हवा आणि मधला रंग कडेसारखाच हवा, मध्ये गडद ओलसर ठिपका दिसला की परत आत. गरम असताना तोडून काही कळत नाही, गरम असताना सगळीच मऊ लागतात.

भाज्या-फळांमुळे हे सगळं अवघड होतं ते पाण्यामुळेच. गाजरात ८८ टक्के पाणी, सफरचंदात ८५ च्या आसपास, रताळ्यात ७७, केळ्यात ७५. म्हणून वाळवायचं असेल तर माझं मत रताळ्याला. आषाढीला ती बाजारात भरपूर येतात आणि उपासाची उरतातही, फक्त तूप-साखरेत टाकायच्या आधी बाजूला काढा. भोपळा वापरायचाच तर कुकरमध्ये भोपळ्याच्या भांड्यात पाणी न घालता शिजवा आणि फडक्यात घालून पिळा, निम्मं काम तिथेच होतं. आणि केळं, त्याचं मऊच करा. साखरेमुळे ते बाहेरून करपतं आणि आतून चिकट राहतं, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

मग आपला पावसाळा. बुरशीला लागतं ते पदार्थातलं मोकळं पाणी, त्याचं माप शून्य ते एक असं मोजतात, ०.७० च्या खाली बहुतेक बुरशा वाढत नाहीत. गंमत अशी की उघडा ठेवलेला पदार्थ हळूहळू आजूबाजूच्या हवेसारखा होतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे खडखडीत वाळवलेलं बिस्किटसुद्धा ताटलीत उघडं राहिलं तर ०.८० कडे, म्हणजे थेट बुरशीच्या हद्दीत चालू लागतं! म्हणून गार होऊ द्यायचं तेही बंद केलेल्या ओव्हनमध्येच, आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम गरम भरलं तर वाफ झाकणाला लागून खाली टपकते, केलेली मेहनत पाण्यात. भाजलेली मऊ बिस्किटं फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, जास्त असतील तर फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. वाळलेली डब्यात दोन-तीन आठवडे, पावसाळ्यात मी त्याहून कमी धरते.

कुठली कुणाला? ट्रेनिंगला मऊ, कारण नखाएवढे तुकडे करता येतात आणि कुत्रा चावत बसत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला मऊच. खिशात घालून शिवाजी पार्कला फेरी मारायची तर वाळलेली. रताळ्याच्या नुसत्या चकत्या वाळवल्या तर कधीकधी दगड होतात, नखाने दाबून जराही खूण उमटत नसेल तर दातांसाठी ते धोक्याचं. आणि कॅलरीत लोक फसतात ते इथेच. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यात ८६ कॅलरी, ते वाळून ३० ग्रॅम झालं तरी कॅलरी तेवढ्याच, पण हातात दिसतो एवढासा तुकडा, मग आजी एक देते, पोरं दोन देतात. दिवसाच्या खाण्यातला दहा टक्के वाटा खाऊचा, त्याहून जास्त नको. दहा किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊ ६० चा.

एका बाबतीत मात्र भाजा नाहीतर वाळवा, काडीचा फरक पडत नाही, ती म्हणजे विष. कांदा-लसूण शिजवला, वाळवला, पावडर केली तरी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतोच, उलट पावडर जास्त तीव्र. द्राक्षं वाईट तशा मनुका वाईट. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी द्राक्षांतल्या टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं, आणि तेच ॲसिड आपल्या चिंचेत भरपूर असतं, तेव्हा चिंचही बाद. घारग्यांसाठी केलेलं भोपळ्याचं मिश्रण उरलं म्हणून बिस्किटात ढकलू नका, त्यात जायफळ असतं. पीनट बटर घेताना लेबलवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) नाही ना ते बघा, कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅमसुद्धा त्याच्या रक्तातली साखर धोकादायक खाली आणू शकतं. सफरचंदाच्या बिया काढा. यातलं काही पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो की गल्लीतले डॉक्टर, जे जवळ ते गाठा.

राहिला नेहमीचा प्रश्न, नरम पडलेली वाळलेली बिस्किटं परत ओव्हनमध्ये घालायची का? रात्रभर डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं आणि सकाळी मऊ लागली, तर खुशाल १०० डिग्रीवर अर्धा तास द्या. पण कुबट वास येत असेल, एखाद्या बिस्किटावर पांढरा-हिरवा ठिपका असेल, तर अख्खा डबा कचऱ्यात. काही बुरशा पेनिट्रेम नावाचं विष तयार करतात, त्याने कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात, आणि ठिपका खरवडून किंवा परत भाजून ते जाईलच असं नाही. आणि हो, ती बिस्किटं गेटवरच्या कुत्र्यांनाही टाकू नका, त्यांचं पोट काही वेगळं नसतं.