गोंयकाराच्या मराठीतला हेल

गोव्याच्या हिंदू घरांत पोथी मराठी, कीर्तन मराठी, दसऱ्या-जत्रेचं नाटक मराठी; चुलीपाशी मात्र कोकणी. ही वाटणी कित्येक पिढ्यांची आहे आणि गोंयकाराच्या मराठीला जो हेल आहे तो तिच्यातून आलेला आहे. कोकणीत 'ए' आणि 'ओ' हे स्वर उघडे आणि मिटलेले असे दोन-दोन तऱ्हांनी येतात, नाकातले उच्चारही भरपूर. तीच जीभ मराठी बोलायला लागली की पुण्याच्या माणसाचे कान लगेच टवकारतात. 'कोकणातले का?' या प्रश्नात कधी कौतुक असतं, पुष्कळदा थोडं हसूही.

गोव्यातही एकच सूर कधी नव्हता. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेल्या. फोंडा 1763 मध्ये गेला, पेडणे 1788 मध्ये. मधल्या दोन-अडीचशे वर्षांत जुन्या भागात चर्च आलं, पोर्तुगीज शब्द आले; 1684 मध्ये तर स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिका, असा हुकूम निघाला. तो पुरता अंमलात आला नाही, हे उघडच आहे. पण सासष्टीच्या ख्रिश्चन बोलीत 'घ', 'भ' हलके होतात, सूर वेगळा लागतो. हिंदी सिनेमानं त्यावर 'मॅन-मॅन' करणारा दारुडा उभा केला आणि मराठी प्रेक्षकही खूप हसला.

गंमत म्हणजे याच सासष्टीतल्या रायतूर इथं फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं, तेही मराठीत, रोमन लिपीत. जन्मानं इंग्रज असलेल्या या माणसाचे मराठी उच्चार कसे असतील, याची चिंता आज कुणी करत नाही. मोगऱ्याची उपमा देऊन त्यानं केलेली भाषेची स्तुती तेवढी आपण अभिमानानं सांगतो. छापील ओळीला हेल नसतो. गाण्यालाही बहुधा नसावा: मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई यांना महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं, आणि त्यांच्याच गावचा माणूस साधं बोलला की त्याचे उच्चार सुधारायला घेतले.

1987 च्या कायद्यानं देवनागरी कोकणी राजभाषा झाली. सरकारी कामात मराठीलाही वाव ठेवला गेला. पण पुस्तकी कोकणीचा साचा बहुतांशी फोंड्याकडचा, म्हणजे अंत्रुजी. त्यामुळे पुण्यात ज्याच्या हेलाला हसतात तोच फोंड्याचा माणूस इथं प्रमाण ठरला आणि सासष्टीकार आपल्याच भाषेत बाजूला पडला. पेडणेकाराची गत तर और. त्याची बोली मालवणीला लागून. पणजीत त्याला मालवणी म्हणून चिडवतात, आणि सावंतवाडीच्या बाजारात तो गोंयकार.